खोट खोक्यात न्हाई

लोणंदात जोतीराम हवालदाराचं घर शोधायला पत्ता लागत नसे. स्टेशनात उतरायचं, रुळांच्या कडेनं कांद्याच्या वखारींपर्यंत चालायचं आणि ओरडण्याचा आवाज जिथून येईल तिकडं वळायचं. चहा गार झाला तर ओरड, गरम असला तर तोंड भाजलं म्हणून ओरड. पेपर उशिरा आला तर पेपरवाल्याच्या नावानं, वेळेवर आला तर आतल्या बातम्यांच्या नावानं. माणूस लबाड नव्हता, लुच्चा नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्याला कारणही होतं म्हणा. चोवीस वर्षं लष्कराच्या सिग्नलमध्ये गेलेली. ईशान्येला नेफाच्या डोंगरात बसा नाहीतर राजस्थानच्या वाळूत, कानाला हेडफोन लावून वायरलेसवर ओरडायचं, आणि पलीकडच्याला ऐकू गेलं असं तो म्हणेपर्यंत थांबायचं नाही, ही नोकरी. आता सांगा, चोवीस वर्षं ज्यानं जगाशी ओरडूनच बोलायचं, तो घरी येऊन कुजबुजणार आहे थोडाच? एकाहत्तरची लढाई संपली, हवालदार पेन्शनीत आला, एका वखारीवर देखरेखीला लागला. नोकरी सुटली, घसा तोच राहिला.

कौतुक होतं ते त्याच्या बायकोचं, विजयमालेचं. नवऱ्याचा एवढा दारूगोळा रोज उडायचा, पण बाई कधी दचकली नाही की रडत माहेरी गेली नाही. तो ओरडायचा, ती शांतपणे पाणी आणून द्यायची, चपला आणून द्यायची. समोरची अंबूबाई म्हणायची, "वैनी, तुमी हाय म्हणून नांदताय. दुसरी असती तर रुळावर जाऊन झोपली असती." विजयमाला नुसती हसायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरी खोका आला. मुलगा अर्जुना जबलपूरला लष्कराच्या वर्कशॉपात होता, बायकोला घेऊन तिकडंच भाड्याच्या खोलीत राहायचा. हाताचा मोठा हुशार. त्यानं सागवानी फळ्या जोडून भला दांडगा स्पीकरचा खोका स्वतः बनवला, सोबत कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट दिली, आणि रजेवर निघालेल्या फलटणच्या एका जवानाबरोबर हे सगळं घरी पाठवलं. बरोबर चार ओळींची चिठ्ठी होती. 'टेप आईला ऐकवा. तिला एक विचारलं आहे. तिचं उत्तर दुसऱ्या बाजूला तिच्याच आवाजात भरून पाठवा. पंधरा तारखेच्या आत मला मिळालं पाहिजे, साहेबांना सांगायचं आहे. जास्त लिहीत नाही.'

"जास्त लिहीत न्हाई! का रं बाबा, शाई सपली काय?" हवालदार चिठ्ठीवरच ओरडला. पण मनातून हरखला होता. पोरानं एवढं यंत्र पाठवलं, ही काय साधी गोष्ट आहे?

खोका कुठं ठेवायचा ते विजयमालेनं ठरवलं. कोपऱ्यात हवालदाराची लष्करातली काळी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर. वर भिंतीला भांड्यांची मांडणी. पितळी डबे, तांब्याच्या कळशा, चढत्या मापाची पातेली, सगळी चिंचेनं घासून ओळीनं लावलेली. त्या वैभवाच्या खाली खोका बसला. तिनं त्याला कुंकू लावलं आणि वरून स्वतः भरलेला रुमाल पांघरला. दोन पोपट, मधे 'सुस्वागतम्'. रुमाल एवढा मोठा की खोक्याचं तोंड सगळं झाकलं गेलं. टेपच्या पोटातला लहानगा स्पीकर वाटेत आदळआपट होऊन मेला होता, त्यामुळं आवाज यायचा तो ह्या खोक्यातूनच.

हवालदारानं बटण दाबलं.

"घुम्म... आई... घुम्म घुम्म... क्वार्टर... भ्रूं... तू... घुम्म..."

आणि वर मांडणीवर सगळं पितळ उठलं. झण्ण, झण्ण! ट्रंकेचा पत्रा थरथरायला लागला, झाकणं कळशांवर नाचायला लागली. आवाज ऐकून अंबूबाई आणि तिचा नवरा हंबीरराव धावत आले. हंबीररावाकडं मोठा रेडिओग्राम होता आणि यंत्रातलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. तो दारातच थांबला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आयला हवालदार! काय मशीन हाय! भांडी बघा कशी नाचाय लागली!"

"नाचू द्यात भांडी! त्यो काय बोलतोय ते कळतंय का तुमाला?"

"आवं, ज्या मशीननं भांडी वाजत न्हाईत ते मशीन कसलं? आमच्यात तर परात पार फळीच्या टोकाला येती."

त्या मुलखात तेव्हा हीच परीक्षा होती. रेडिओ असो, रेडिओग्राम असो, आणला की पहिला प्रश्न, भांडी वाजत्यात का? वाजली की मशीन टॉप. मग त्यातून माणूस बोलतोय का म्हैस रेकतीय, ह्याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं.

विजयमाला ट्रंकेला पाठ लावून बसली होती. एक तळहात पत्र्यावर. डोळे मिटलेले, चेहरा नुसता फुललेला. "लय भारी लागतंय," ती म्हणाली. "पोरगं पाठीला पाठ लावून बसल्यावानी."

"आगं पण काय म्हणला त्यो? काय इचारलं त्यानं?"

"बरा हाय म्हणला की."

"बरा हाय का न्हाई ते त्यो सांगंल! तुला इचारलं काय त्यानं? उत्तर काय पाठवायचं? घुम्म म्हणून पाठवायचं?"

त्यानं टेप मागं नेली, परत लावली. सहा वेळा लावली. आई, क्वार्टर, तू, घुम्म. सातव्यांदा त्यानं खोक्याच्या बोडक्यावर एक थापड मारली आणि पायताण घालून तरातरा वखारीवर निघून गेला. नेफात बर्फ पडत असताना, गोळ्या सुटत असताना ह्या माणसानं शेकड्यानं निरोप पोचवले होते, एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. आणि स्वतःच्या पोराचा निरोप स्वतःच्या बायकोला, चार भिंतीत, पोचेना! अंगाचा नुसता तिळपापड झाला त्याच्या.

पाच तारखेला त्यानं खोका आणि टेप पोत्यात गुंडाळले आणि साताऱ्याची एसटी धरली. कॅसेट मात्र विजयमालेनं दिली नाही. "घरातलं बोलणं बाजारात वाजवायचं न्हाई," म्हणाली, आणि ती कॅसेट पदराला बांधून बसली. साताऱ्यात राजपथावर एक रेडिओचं दुकान होतं. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावलेला, गोडबोल्या माणूस. त्यानं खोका खोलीच्या मधोमध असलेल्या जाड लाकडी टेबलावर ठेवला आणि आपल्याजवळची एक गाण्याची कॅसेट लावली.

हवालदाराचं तोंड उघडंच राहिलं. बाई गात होती ती समोर उभी राहून गावं तशी. शब्द न् शब्द वेगळा. ढोलकीचा बोल वेगळा, टाळीचा वेगळा.

"फर्स्ट क्लास आहे की," दुकानदार म्हणाला. "तक्रार काय तुमची?"

"घरी घुमतंय नुसतं."

"भांडी वाजतात का?"

"वाजत्यात!"

"मग साहेब, आणखी काय पाहिजे तुम्हाला? लोक मला विचारतात, आमची का वाजत नाहीत म्हणून!"

हवालदार त्याच्यावर असा काही ओरडला की शेजारच्या चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. पण एसटीत बसल्यावर, खोका मांडीवर धरून, तो एकदम गप झाला. इथं साफ वाजतंय, घरी घुमतंय. खोका तोच, टेप तीच. वाठार गेलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"खोट खोक्यात न्हाई!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की कंडक्टरनं घंटी मारली. "खोट घरात हाय!"

"आता काय कळली काय?" कंडक्टर म्हणाला. "आमच्यात लगीन झाल्या दिवशीच कळती."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घराची झडती सुरू झाली. कॅसेट पदरातून सुटली ती एवढ्यासाठीच की हवालदारानं ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानं टेप लावली आणि वाटीभर पाणी आणलं. वाटी ट्रंकेवर ठेवली, पाण्यावर वलयं उठली. फळीवर ठेवली, वलयं. भिंतीजवळच्या फरशीवर ठेवली, तिथंही बारीक वलयं. म्हणजे खोका एकटा बोलत नव्हता. खोका हलत होता, तो पत्र्याला हलवत होता, पत्रा भिंतीला, भिंत भांड्यांना, आणि सगळे मिळून अर्जुनाच्या बोलण्यात आपापली तोंडं घालत होते.

"ग्रामपंचायत झालीय सगळी!" हवालदार कडाडला. "एक बोलतोय आन धा जण मधी वरडत्यात!"

जीपमधला वायरलेस सेट कधी नुसता पत्र्यावर बसवत नसत, त्याला खाली रबराचे ठोकळे असायचे, हे त्याला आठवलं. आणि स्वतःच्याच कपाळावर त्यानं हात मारून घेतला. चोवीस वर्षं डोळ्यांसमोर होतं ते, आणि घरी आल्यावर अक्कल गहाण!

आधी त्यानं खोका कोपऱ्यातून ओढला. दोन भिंतींपासून दोन-दोन हात लांब. अर्धं घुमणं तिथंच गेलं. मग त्यानं मांडणीला हात घातला, तशी विजयमाला उठून आडवी आली.

"भांडी काढायची न्हाईत!"

"का? भांडी ऐकणार हाईत का तू?"

"पयलं बरं हुतं! चांगलं लागत हुतं, काय खाज सुटलीय तुमाला?"

हवालदार क्षणभर बघतच राहिला. सबंध संसारात ह्या बाईनं असा आवाज काढला नव्हता. तिचे डोळे भरले होते, हात मांडणीच्या फळीवर घट्ट. पण राग आलेल्या माणसाला दुसऱ्याचे भरलेले डोळे कुठं दिसतात? तो म्हणाला, "पोरानं काय इचारलं ते कळंना, पंधरा तारीख तोंडावर आली, आन हिला नाच पायजे भांड्यांचा! अडाणी ते अडाणीच!" आणि त्यानं एकेक पातेलं उतरवून स्वयंपाकघरात नेऊन आपटलं.

ट्रंक गेली पलंगाखाली. तिच्या जागी त्यानं वाळू भरलेली दोन पोती टाकली, त्यांच्यावर जुनी शहाबादी फरशी. फरशीवर घोंगडं, चार घड्या करून. घोंगडं आटपाडीकडच्या मेंढक्याकडून घेतलेलं, जाड, राठ, ह्याच मुलखातल्या मेंढरांच्या लोकरीचं. घोंगड्यावर सायकलच्या टायरचे चार तुकडे आणि त्यांच्यावर खोका. पोपटांचा रुमाल ओढून काढला, "ह्या सुस्वागतमनं पोराचा गळा दाबला," असं म्हणून. समोरच्या उघड्या भिंतीवरून आवाज आपटून परत येत होता, तिथं दोन वाकळा टांगल्या. विजयमालेला पाटावर बसवलं, तिच्या कानापासून सुतळी धरली आणि खोक्याचं तोंड त्या उंचीला आणलं. ती बसली, पण तोंड फुगवून. ह्यात तीन दिवस गेले. वखारीवर खाडा पडला, मालक बोलला, हवालदार मालकालाच बोलला.

नऊ तारखेला दुपारी मालगाडी गेली. घर नेहमीसारखं हललं. हवालदारानं खोक्यावरच्या वाटीत बघितलं. पाणी जागच्या जागी, वर एक सुरकुती नाही.

"अंबूबाई! हंबीरराव! या हिकडं!" त्यानं दारातून आरोळी ठोकली. "भांडी वाजवायचं मशीन बघितलंसा, आता माणूस बोलणारं बघा!"

दोघं आली. विजयमाला पाटावर होती. तिनं पलंगाखालची ट्रंक जवळ ओढून घेतली होती आणि तिच्यावर हात ठेवून बसली होती. हवालदारानं बटण दाबलं.

"आई, आबा, नमस्कार. मी बरा हाय," अर्जुना म्हणाला. हळू, नितळ आवाजात. श्वास घेतलेलासुद्धा कळला. "अंबूकाकूंना सांगा, त्यांनी दिलेलं पापड सगळ्या वर्कशॉपानं खाल्लं."

"आगं बया!" अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. "उंबऱ्यात उभा हाय की पोरगा!"

हंबीररावानंही मान हलवली. भांडी वाजत नव्हती, तरी त्याला ते कबूल करावं लागलं.

हवालदारानं छाती काढून बायकोकडं बघितलं. ती ट्रंकेवर हात ठेवून वाट बघत होती. हात जरा सरकवला, पत्रा चाचपला, परत दाबून धरला. मग वर बघून म्हणाली, "लावा की आता. कवाधरनं बसलोय आमी."

अर्जुना बोलतच होता.

हवालदाराला वाटलं, टोमणा मारतीय. भांडी काढल्याचा राग काढतीय. तो ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात ती हंबीररावाला म्हणाली, "बिगाडलं बघा ह्यांनी मशीन. पयलं किती भारी लागत हुतं. आता बंदच पडलं."

हवालदारानं टेप थांबवली. तो तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं साधी हाक मारली. "विजे." तिनं मान वळवली नाही. "विजे," त्यानं परत म्हटलं. ती ट्रंकेवरची धूळ पदरानं पुसत होती.

"तुमाला ठाव न्हाई व्हय?" अंबूबाई हळूच म्हणाली. "आख्ख्या आळीला ठाव हाय. आमी त्यांना खांद्याला हात लावूनच बोलतो."

"आमाला वाटायचं, तुमी त्यापायीच एवढं वरडता," हंबीरराव म्हणाला. "आमी घरी म्हणायचो बी, हवालदाराचं बायकोवर प्रेम लय."

हे फुकटचं पुण्य हवालदाराच्या अंगावर उकळत्या तेलासारखं पडलं. "जावा!" तो म्हणाला. "जावा दोगं बी." दोघं गेली.

तो तिच्यासमोर बसला आणि ओरडला, "कवापासनं?"

"काय?"

"ऐकू येत न्हाई ते!"

ती दचकली. मग खाली बघून म्हणाली, "तुमी पेन्शनीवर आला त्या साली ताप आला हुता, तवापासनं. हळूहळू गेलं."

"मग बोलली का न्हाईस? मी काय मेलो हुतो?"

"माज्या आईला आख्खा गाव बहिरट म्हणायचा. पोरं मागनं ढेकळं मारायची, वळतीय का बघाय. आन तुमी तर नुसतं मीठ कमी पडलं तरी..." ती थांबली. "तुमचं समदं ऐकू येत हुतं मला. मग कशाला सांगू?"

हवालदाराला आला तो राग कुठं ठेवावा ते कळेना. तिच्यावर काढावा तर तिची काय चूक, आळीवर काढावा तर आळीनं सांभाळून घेतलं. तो उठला आणि त्यानं टेप पुढं लावली. निदान पोरानं काय विचारलंय ते तरी कळू दे.

"आई," अर्जुना म्हणाला, "हितनं पुढचं फकस्त तुज्यासाठी. आबा घरात असतील तर बंद कर, ते वखारीवर गेल्यावर लाव."

हवालदाराचं बोट बटणावर गेलं. पण बटण दाबलं गेलं नाही.

"गेल्या दिवाळीत मी रजेवर हुतो. आबांना ताप हुता. त्यांनी तुला तांब्या फेकून मारला. तुज्या कपाळातनं रगत आलं आन तू मला सांगितलंस, दारावर आपटलं म्हणून. मी बघितलं हुतं आई. मी त्यांना कायच बोललो न्हाई, त्याची मला अजून लाज वाटती. आता मला क्वार्टर मिळतीय, दोन खोल्यांची. तू हिकडं ये, कायमची ये. येणार असशील तर तुजं नाव कागदावर लावतो. हितं तुज्यावर कुणी वरडणार न्हाई. आमी दोगं नवरा-बायको लय हळू बोलतो."

टेप संपली. सगळं स्वच्छ ऐकू आलं. कुठं घुमलं नाही, कुठं पत्रा वाजला नाही. तीन दिवस राबून हवालदारानं ही सोय स्वतःच्या हातानं केली होती.

तो दिवाळीचा दिवस त्याला आठवला. तापानं घसा बसला होता, आवाज फुटत नव्हता. त्यानं पाणी मागितलं होतं, तीनदा. ती चुलीपुढं पाठमोरी होती. वळली नाही. जाणूनबुजून वळत नाही, उलटलीय बाई, असं वाटलं, आणि हाताशी होता तो तांब्या उचलला. तेव्हापासून तो मनात स्वतःला सांगत आला होता की तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"काय म्हणला?" विजयमालेनं विचारलं. तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते.

आता कुणी म्हणेल, सांगायचं काहीतरी. 'बरा हाय, पापड आवडलं, दसऱ्याला येतो.' तिला कुठं कळणार होतं? पण सिग्नलमधल्या माणसाला एकच गोष्ट हाडात मुरवलेली असते. निरोप जसा आला तसा पुढं द्यायचा. तो तुमच्या मरणाचा असला तरी त्यात आपली अक्कल घालायची नाही. हवालदार तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि सगळा जीव एकवटून ओरडला.

"म्हणतोय, तू हिकडं ये! कायमची! क्वार्टर मिळतीय त्याला! हितं तुज्यावर कुणी वरडणार न्हाई म्हणतोय!"

समोरच्या दारात अंबूबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"आन का म्हणला असं?"

हवालदार आणखी जवळ सरकला. "गेल्या दिवाळीत म्या तुला तांब्या मारला, ते बघितलं हुतं त्यानं!"

"काय मारला?"

"तांब्या! तांब्या मारला!"

विजयमालेनं कपाळावरच्या व्रणावर बोट नेलं आणि पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "उत्तर भराय लावा."

त्यानं कॅसेट उलटी घातली, लाल बटण दाबलं आणि बोटानं खूण केली, बोल. ती टेपच्या अगदी जवळ सरकून बसली.

"अर्जुना, बाळा, मी येत न्हाई. राग मानू नगंस. मला ऐकू येत न्हाई रं आता. तुमी दोगं हळू बोलता. तू हाक मारशील, मी वळायची न्हाई. तुला वाटंल आई रुसली, सुनंला वाटंल सासू लय ताठ्याची. मागनं तुमी काय बोललासा तर मला वाटंल, माज्यावरच बोलत असत्याल. हितं तुजा बा वरडतो, तेवढं मला ऐकू येतं. दुसरं कायबी न्हाई. मालगाडी बी न्हाई. त्यो वखारीवर गेला की मला घर बंद पडल्यावानी वाटतं. आन तांब्याचं म्हणशील, तर त्यांनी पाणी मागितलं असंल आन मला ऐकू आलं नसंल. त्यात त्यांची चूक न्हाई."

"हाय," हवालदार म्हणाला. आवाज एवढा बारीक निघाला की त्यालाच तो आपला वाटला नाही. "चूक हाय माजी."

"आँ?" विजयमालेनं त्याच्याकडं बघितलं. "काय म्हणताय? मोठ्यानं बोला की! आज काय झालंय तुमच्या घशाला?"

दार सताड उघडं होतं. अंबूबाई होती, तिच्यामागं हंबीरराव उभा होता, वखारीतले दोन हमाल रस्त्यानं चालले होते. उभ्या जन्मात हवालदारानं ही गोष्ट साहेबापुढं कबूल केली नव्हती की बापापुढं. त्यानं छाती भरून घेतली.

"चूक माजी हाय!" तो ओरडला. हमाल जागच्या जागी थांबले. "तुज्यावर हात उगारला ती चूक माजी हाय! ऐकू आलं का?"

"आलं की," विजयमाला म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "एवढं आळीला सांगाय कशाला पायजे हुतं?"

टेप चालूच होती. ती बंद करायचं हवालदाराला सुचलं नाही. नंतर लक्षात आलं, तेव्हाही त्यानं तेवढा भाग पुसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टात गेला, कॅसेट फडक्यात शिवून दिली आणि पंधरा तारखेच्या आत पोचली पाहिजे म्हणून पोस्टमास्तरावर ओरडला.